पूंगोडीचा हातगुण

पूंगोडीचा हातगुण चांगला, हे वेट्रिवेल सरांनी नऊ वर्षांपूर्वी ठरवून टाकलं, आणि सरांनी एकदा ठरवलेलं बदलायची कोणाची टाप नव्हती. झालं होतं एवढंच, की कंपनीची पहिली वेबसाइट तिने बटण दाबून चालू केली आणि त्याच महिन्यात सरांना दुसरं काम मिळालं, मग तिसरं मिळालं, आणि लग्नानंतर तेरा वर्षांनी सरांच्या बायकोला दिवस गेले. या शेवटच्या गोष्टीचं श्रेय तरी पूंगोडीला देऊ नये, असं ऑफिसातले लोक तोंडावर रुमाल धरून म्हणत. पण सर तेही देत.

तेव्हापासून कोइम्बतूरच्या पीळमेडू भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरून जी साइट बाहेर पडे, ती पूंगोडीच्या हातून. सर पंचांग बघून वेळ काढत, कॉम्प्युटरला कुंकू लागे, कळफलकाशेजारी लिंबू बसे, आणि मग पूंगोडीने बटण दाबायचं. खऱ्या सर्व्हरचं लॉगिनसुद्धा एकच, तिच्या नावाचं. बाकीच्यांनी काय गोंधळ घालायचा तो चाचणीच्या सर्व्हरवर, आपापल्या लॉगिनने. तिथून माल तयार झाला की वर चढवणार पूंगोडी. खोटं कशाला बोला, तिलाही त्याचं बरं वाटे. नवऱ्याच्या घरी तिच्या हातच्या रश्शालाही कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, इथे निदान हाताला मान होता.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी, तीन दिवसांच्या रजेनंतर, आईच्या डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली पर्समध्येच राहिलेली घेऊन ती जिना चढून आली, तेव्हा टेबलावर ठेवलेला कागद तिला आधी कळलाच नाही. छापील, अर्धं पान. 'डॉ. वडिवाम्बाळ यांच्या लॅबच्या साइटमध्ये झालेली गंभीर चूक माझ्या निष्काळजीपणामुळे झाली असून तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' खाली तिचं नाव, आणि सहीसाठी जागा.

"हे काय आहे, सर?"

"बसा, अम्मा. आधी बसा," वेट्रिवेल सर म्हणाले. त्या भागातली रीतच तशी. तिथे शिवीसुद्धा अहो-जाहो करून देतात, त्यामुळे माणसाला आपल्याला शिवी मिळालीय हे घरी गेल्यावर कळतं. "कॉफी घेता? नको? बरं. काल संध्याकाळी फार वाईट झालं बघा."

वाईट खरंच झालं होतं. वडिवाम्बाळ अम्मांच्या लॅबमध्ये रक्त दिलं की रिपोर्ट साइटवर दिसे. नवी साइट बुधवारीच चालू झाली होती. गुरुवारी चेन्नियप्पन नावाच्या गृहस्थांच्या घरी मुलीचं लग्न पक्कं करायला मुलाकडचे आले होते. मुलगी शेंबगम, जरा अशक्त, म्हणून तिचं रक्त तपासायला दिलं होतं. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट येतात ते बापाच्या फोनवर. घर मोठं असो की लहान, तिथे फोन नंबर द्यायचा तो घरच्या कर्त्या पुरुषाचा, ही जुनी सवय. चेन्नियप्पनना चष्मा सापडेना. त्यांनी फोन बहिणीच्या हातात दिला, आणि त्या बाईने भर बैठकीत मोठ्याने वाचलं: शेंबगम, वय चोवीस, हिमोग्लोबिन अमुक, आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत, निष्कर्ष. गर्भ राहिलेला आहे.

"मुलाकडचे ताटावरून उठून गेले," सर म्हणाले. "मुलगी कालपासून खोलीतून बाहेर आली नाही. तिचे वडील म्हणतात, चूक करणाऱ्याचा आवाज मला ऐकायचाय. नाहीतर पोलिसात जातो. आज चार वाजता डॉक्टर अम्मा इथे येणार, साडेचारला त्यांचा फोन येणार. अम्मा म्हणतात, चुकलं कोण त्याची सही द्या आणि त्याला माझ्या कामावरून काढा, नाहीतर सगळंच काम काढून नेते."

"पण सर, बुधवारी मी इरोडला होते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला."

"मला माहीत नाही का? पण पान तुम्ही सोमवारी पुरं करून गेलात. बुधवारी फक्त चढवलं. लॉगिन तुमचं. नोंदीत नाव तुमचं. मी तरी काय करू, सांगा बरं."

तिला बुधवार आठवला. दवाखान्याच्या बाकावर असताना सरांचाच फोन आला होता. 'तुम्ही येऊ नका, आईजवळ थांबा. मुहूर्त सव्वानऊ ते सव्वादहा आहे, तो चुकवता येत नाही. पासवर्ड तेवढा कयलला सांगा. लॉगिन तुमचं म्हणजे हात तुमचाच, नाही का?' ती हसली होती, आणि तिने सांगितला होता.

कयल म्हणजे कयलविळी. सहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आली तेव्हा तिला धड एक पान उघडता येत नव्हतं. पूंगोडीने तिला अ आ इ ई पासून शिकवलं. दोघी गोबी गावाकडच्या, दोघींची बोली एक, आवाजही इतका सारखा की पूंगोडी कामात गढलेली असली की कयलच तिचा फोन उचलून "नमस्कार, मी पूंगोडी बोलतेय" म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावी, आणि दोघी नंतर पोट धरून हसत. दुपारी एकाच डब्यात जेवण. कयलला परुप्पू-भाताची, म्हणजे डाळभाताची खरवड आवडते म्हणून पूंगोडी ती मुद्दाम तिच्यासाठी आणी. तिला कायम करावं म्हणून सरांच्या मागे लागून लागून, दोन महिन्यांपूर्वी पूंगोडीनेच ते करून घेतलं होतं.

आत्ताही कयलच कॉफी घेऊन आली. डोळे सुजलेले.

"अक्का, मी रात्रभर झोपले नाही हो," ती म्हणाली. "तुमच्यावरच कसं आलं हे?"

"तू कशाला रडतेस, वेडे? मी शोधते ना. चार वाजेपर्यंत वेळ आहे." पूंगोडीने खुर्ची ओढली. सोमवारी आईचं सामान भरायच्या घाईत तिने ते पान पुरं केलं होतं. आपल्याच हातून काही राहिलं असेल का? शपथ घ्यायची म्हटली तर घेता आली नसती. एका परक्या मुलीला बैठकीतून उठून जावं लागलं, आणि ते आपल्या एका ओळीमुळे, हा विचार तिला सहन होईना.

"अक्का, मला वाटतं डेटाबेसमध्येच घोळ आहे," कयल म्हणाली. "एकाच नंबरवर सगळं घर असतं ना, नोंदी एकमेकींत मिसळल्या असतील. तिथून बघा."

पूंगोडीने ऐकलं. का ऐकू नये? दोन तास तिने नोंदी उपसल्या. चेन्नियप्पनच्या घरचे पाचही जण बघितले: ते, बायको, मुलगा, मुलगी शेंबगम, आणि शेवटी सून गोमती. प्रत्येकाची चाचणी ज्याची त्याच्या नावापुढे. शेंबगमपुढे हिमोग्लोबिन. गोमतीपुढे गर्भ. काडीचीही चूक नाही. साप म्हणून भुई धोपटण्यात सव्वाअकरा वाजले.

"नोंदी चोख आहेत गं," ती म्हणाली.

"मग सर्व्हरवाल्यांना फोन करू का?" कयलने विचारलं. "त्यांच्याकडेच काहीतरी होत असेल."

"थांब जरा."

थांबून पूंगोडीने एक साधी गोष्ट केली. शेंबगमचंच पान किती वेळ बघत बसायचं, म्हणून तिने बापाचं उघडलं. चेन्नियप्पन, वय त्रेसष्ट, साखर जरा वाढलेली. आणि तळाशी ठळक अक्षरांत, निष्कर्ष: गर्भ राहिलेला आहे.

दुसऱ्या कुठल्या दिवशी ती खुर्चीवरून पडेपर्यंत हसली असती. तिने आईचं उघडलं, मुलाचं उघडलं. आख्खं घर गरोदर! म्हणजे वरचं सगळं ज्याचं त्याचं, आणि तळाची ओळ कोणीही उघडलं तरी गोमतीची. म्हणजे घोळ नोंदींत नाही. नोंदी पानावर मांडणारा जो साचा असतो, टेम्प्लेट, त्यात आहे. आणि ही इतकी सोपी गोष्ट, पहिल्या पाच मिनिटांत बघायची, आपण दोन तास बघितली नाही. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, ती मात्र अहो-जाहोतली नव्हती.

टेम्प्लेट उघडल्यावर मग वेळ लागला नाही. पानाच्या सुरुवातीला एक नाव ठरवलेलं असतं: पेशंट. म्हणजे ज्याचा रिपोर्ट उघडला तो माणूस. पेशंटचं नाव दाखव, पेशंटचं वय दाखव, पेशंटच्या चाचण्या दाखव, तळाशी पेशंटचा निष्कर्ष दाखव. त्या निष्कर्षाच्या जरा वर एक भाग दिसत होता, 'या घरातील इतर सदस्य'. घरातली एकेक व्यक्ती घेऊन तिचं नाव छापायचं. आणि ज्याने कोणी तो भाग लिहिला होता, त्याने त्या एकेका व्यक्तीलाही नाव दिलं होतं पेशंट.

स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यात कोणी आधी डाळ भरावी, मग रवा, मग मीठ, आणि चिठ्ठी साखरेचीच ठेवून डबा परत फळीवर ठेवावा, त्यातला प्रकार. यादी संपली तेव्हा त्या नावात शेवटचं माणूस उरलं होतं, गोमती. त्यानंतर साच्याला म्हटलं, पेशंटचा निष्कर्ष दाखव. त्याने बिचाऱ्याने दाखवला. चूक झाली असं सांगायची त्याची रीत नाही. नाव सापडलं, त्यात माणूस सापडलं, त्याचं काम झालं.

एकट्या माणसाच्या नंबरवर हे कधीच दिसलं नसतं. आणि नेमकं म्हणूनच पूंगोडीने एक खोटं घर बनवून ठेवलं होतं: मुत्तुसामी, त्याच्या दोन बहिणी, आई, चुलता, सगळे एका नंबरवर. ऑफिसात सगळे त्याला 'अक्काचं सासर' म्हणत. कुठलंही पान बाहेर काढायच्या आधी ते या सासरातून जायलाच पाहिजे, हा तिचा नियम. आणि दुसरा नियम, जो तिने कयलला पहिल्याच आठवड्यात घोकून घेतला होता: यादीतल्या माणसाला पानाच्या माणसाचं नाव कधी द्यायचं नाही. घरात दोन माणसं असली तर हाक दोन वेगळ्या मारतेस ना? मग?

सोमवारी तिने पान ठेवलं तेव्हा हा भाग त्यात होता की नव्हता? आठवेना. तिने तळहात कपाळावर दाबला. लिहिला असेल तर मीच. झोप नव्हती, घाई होती. असेन मीच.

आता खात्री करायची म्हणून तिने चाचणीच्या सर्व्हरवर तेच पान उघडलं आणि अक्काच्या सासरातून फिरवलं. इथेही तळाशी शेवटच्या चुलत्याचाच निष्कर्ष यायला हवा. आला नाही. मुत्तुसामीखाली मुत्तुसामीचा, आईखाली आईचा. सगळं बरोबर.

तिने परत फिरवलं. परत बरोबर.

वर चूक, खाली बरोबर. चढवताना पान बदलतं की काय! तिने डोळे चोळले. मग खऱ्या सर्व्हरवरचं पान आणि चाचणीचं पान शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावून बघू लागली. अठ्ठ्याहत्तराव्या ओळीला फरक सापडला. चाचणीच्या पानात यादीतल्या माणसाचं नाव पेशंट नव्हतं. 'सदस्य' या अर्थाचं वेगळं नाव होतं. कोणीतरी आधीच दुरुस्त करून ठेवलं होतं, अगदी नियमाने, तिने शिकवल्याप्रमाणे.

चाचणीच्या सर्व्हरवर प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, केव्हा केला. पूंगोडीने ती उघडली आणि वाचली, आणि मग पुन्हा वाचली, कारण पहिल्यांदा वाचलेलं तिला पटेना.

सोमवार, संध्याकाळी सहा. पूंगोडी. पान पुरं. त्यात घरातल्या सदस्यांचा भाग नव्हताच.

मंगळवार, दुपारी तीन. कयलविळी. घरातील इतर सदस्य, नवा भाग घातला.

बुधवार, नऊ पन्नास. कयलविळी. मुत्तुसामी घराची चाचणी. तळाचा निष्कर्ष चुकतो आहे.

बुधवार, अकरा चाळीस. कयलविळी. यादीतलं नाव बदललं. आता बरोबर. सरांना सांगितलं आहे. आज राहुकाळ, उद्या अष्टमी, परवा नवमी, म्हणून शनिवारी चढवायचं.

आणि खऱ्या सर्व्हरवर, बुधवार, दहा वाजून दोन मिनिटांनी: पूंगोडी.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. खुर्ची जागच्या जागी होती, पंखा फिरत होता, समोरच्या टेबलाशी कोणीतरी मुरुक्कू खात होतं. फक्त पूंगोडीच्या कानात दवाखान्याच्या बाकावरचं स्वतःचं हसणं ऐकू येत होतं. दहाला दहा मिनिटं कमी असताना यांना दिसलं. तरी मुहूर्त साधला, माझ्या नावाने. आणि आज सकाळी तीच मुलगी कॉफी घेऊन आली, रडली, आणि मला दोन तास डेटाबेसमध्ये फिरवून आणलं.

तिने आधी एक काम केलं. दुरुस्त पान उचललं आणि सरळ खऱ्या सर्व्हरवर चढवलं. नवमी होती, एक वाजून दहा मिनिटं झाली होती, कुंकू नाही, लिंबू नाही. आणखी किती घरं बापाचा फोन उघडणार होती, देव जाणे. मग तिने आपला पासवर्ड बदलला.

डबा उघडायची वेळ झाली तशी कयल सवयीने येऊन शेजारी बसली.

"काही सापडलं का, अक्का?"

पूंगोडीने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. कयलने वाचलं. हात झाकणावर होता, तो तिथेच राहिला.

"हे तू लिहिलंस?"

"अक्का..."

"बुधवारी दिसलं होतं तुला?"

"मी सरांना लगेच सांगितलं, अक्का! आईशप्पथ! म्हटलं, थांबू या, तासाभरात करते. सर म्हणाले, मुहूर्त जाईल. पहिल्या दोन दिवसांत कोण बघतंय?"

"आणि काल? काल त्या मुलीचं तसं झाल्यावर? तेव्हा माझा फोन बंद होता का?"

कयल खालच्या आवाजात म्हणाली, "सर म्हणाले, अम्मांचा तुमच्यावर जीव आहे. नऊ वर्षांचं नाव आहे तुमचं. त्या रागावतील, महिन्याभरात विसरतील. माझं नाव पुढे आलं तर मला त्याच दिवशी काढतील. घरी भाऊ अजून शिकतोय... अक्का, तुम्ही मोठ्या आहात. तुम्हाला झेपलं असतं."

"झेपलं असतं," पूंगोडी म्हणाली. "तू मला येऊन सांगितलं असतंस ना, की अक्का, मरते मी, वाचवा, तर मी सहीसुद्धा केली असती. गाढवीण आहे मी तशी. पण तू मला शोधायला बसवलंस गं. चूक माझी असेल असं मला वाटू दिलंस. दोन तास शेजारी बसून बघत होतीस. डेटाबेस बघा म्हणे! केसाने गळा कसा कापावा ते तुझ्याकडून शिकावं. आणि तोही माझ्याच केसाने."

कयल रडू लागली. पूंगोडीने डब्याचं झाकण लावलं. खरवड आत तशीच राहिली.

सव्वाचार होऊन गेले तेव्हा वडिवाम्बाळ अम्मा आल्या. पासष्टीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. सर लगबगीने उठले.

"सही झाली?" अम्मांनी विचारलं.

"सही करण्याआधी तुम्हाला एक दाखवायचंय, अम्मा," पूंगोडी म्हणाली, आणि तिने नोंद उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"अम्मा, हे आमचं आतलं, तांत्रिक असतं..." सर पुढे झाले.

"मला वाचता येतं," अम्मा म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी वाचलं. "म्हणजे बुधवारी, पान वर चढायच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं. आणि दुपारी बाराच्या आत औषध तयार होतं."

"तसं नाही, अम्मा. त्या दिवशी राहुकाळ लागत होता. मग अष्टमी, आज नवमी. नव्या साइटला अपशकुन नको म्हणून..."

"माझ्या लॅबमध्ये नवमीलाही रक्त काढतात, वेट्रिवेल. माणसं पंचांग बघून आजारी पडत नाहीत." त्या पूंगोडीकडे वळल्या. "आणि तुमच्या नावाने का?"

"माझा हातगुण चांगला आहे, अम्मा," पूंगोडी म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. "नऊ वर्षं मी त्याला मान समजत होते. कौतुक करून करून माझा हात यांनी टेबलावर ठेवून घेतला, गरज पडेल तेव्हा तोडायला. मी सही करणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. साडेचार. चेन्नियप्पन शब्दाचे पक्के निघाले.

सरांनी फोनकडे बघितलं नाही. पूंगोडीने तो उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि टेबलावरून कयलकडे सरकवला.

"तू बोल. लिहिलंस तू, दिसलंही तुला. तूच बोल."

कयलने डोळे पुसले. घसा खाकरला. आवाज आला तो स्वच्छ, सवयीचा, सहा वर्षं फोनवर घोटलेला, वडीलधाऱ्यांना 'अय्या' म्हणणारा.

"नमस्कार, अय्या. मी पूंगोडी बोलतेय. चूक माझ्या हातून झाली. माफ करा."

अम्मांचं तोंड उघडंच होतं. कयलचा स्वतःचाच हात तोंडावर गेला, पण बोललेलं बोलून झालं होतं.

"पूंगोडी," फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज आला. जड, थकलेला. "तुझं नाव मरेपर्यंत लक्षात ठेवीन मी, बाई. माझी पोर कालपासून पाण्याला शिवलेली नाही. सून खरंच पोटुशी आहे, तिला कोणी एक गोड शब्द बोललं नाही. तुला मुलगी आहे का गं?"

कयल पूंगोडीकडे बघत होती, त्या सहा वर्षांत काही अडलं की बघायची तशीच. पूंगोडीला एवढंच वाटलं, की आता आणखी काही उरलं नाही. आपलं नाव घ्यायचं होतं तेही घेऊन झालं. तिने पुढे वाकून फोन हातात घेतला.

"अय्या, मघाशी बोलली ती पूंगोडी नव्हे. पूंगोडी मी आहे. चूक कोणाची, कोणाला आधी ठाऊक होती, ते सगळं डॉक्टर अम्मांनी आत्ता वाचलंय. त्याच तुम्हाला सांगतील, मुलाकडच्यांनाही सांगतील. तुमचाच रिपोर्ट मी सकाळी उघडला होता. त्यातसुद्धा खाली तेच लिहिलं होतं, की तुम्हाला दिवस गेलेत. चूक पानाची होती, शेंबगमची नाही."

"मला? दिवस?"

"हो, अय्या. जरा शेंबगमला फोन देता का?"

"ती दार उघडत नाही."

"दारातून द्या. तिला म्हणावं, एक बाई आहे, दुसऱ्याचं जिच्या नावावर घातलं होतं. तिला तुझ्याशी बोलायचंय."

पावलांचा आवाज आला. दारावर थाप. म्हातारा काहीतरी पुटपुटला, मग पुन्हा थाप. इकडे सर खिडकीतून खाली रस्ता बघत होते. अम्मांनी टेबलावरच्या छापील कागदाची घडी घातली आणि तो आपल्या पर्समध्ये टाकला. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि रडून बसलेला एक बारीक आवाज म्हणाला, "बोला, अक्का."

आणि सकाळपासून आवरून धरलेलं पूंगोडीचं रडू त्या एका शब्दावर फुटलं.